मनू, तुझे आकडे बघितले

प्रिय मनू,

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की तू "आई, नंतर वाचते" म्हणतेस नि ते नंतर काही येत नाही, म्हणून मेल करते. काल फोनवर आकड्यांवरून रडलीस आणि मधेच ठेवून दिलास, मला झोप येईना, मग मध्यरात्री तुझं ते गूगल स्कॉलरचं पान उघडून बसले. पेपर नऊ, सायटेशन, म्हणजे त्यांना दिलेले संदर्भ, ३१, एच-इंडेक्स ३. त्यातली चार तूच तुझी दिलेली आहेस, तेही बघितलं, काही बोलत नाही.

एच-इंडेक्स म्हणजे काय ते दादाकडून समजून घेतलं. तीन पेपर असे की प्रत्येकाला निदान तिघांनी संदर्भ दिलाय, झाले ३. २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने हे माप काढलं म्हणे, आणि विषयाविषयात आकडा वेगळा पडतो हे त्यालाही माहीत होतं. मग दगडांच्या हातकुऱ्हाडी शोधणाऱ्या पोरीला ती पट्टी तशीच कशाला लावायची गे?

तीस वर्षं मी फोंड्याला वाचनालयात देवघेवीचे शिक्के मारले हे विसरू नकोस. पुस्तक किती चाललं ते मागच्या चिठ्ठीवरच्या तारखांवरून कळायचं. रहस्यकथांच्या चिठ्ठ्या भरून वर दुसरी चिकटवावी लागायची. आणि संदर्भ विभागातले जाडे ग्रंथ? ते घरी न्यायला द्यायचेच नाहीत, म्हणून चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, पण पानांचे कोपरे बघशील तर काळे पडलेले, दोनदा बाइंडिंग केलेलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी असा एक ग्रंथ "वापर नाही" म्हणून रद्दीत काढायला सांगितला होता. मी काढला नाही. कपाटात मागच्या रांगेत ढकलला, अजून असेल तिथे.

तुझ्या उत्खननाचा पूर्ण रिपोर्ट म्हणजे हाच जाडा ग्रंथ. कुठल्या थरात हत्यारं घडवताना उडालेले किती छिलके मिळाले, कुठला दगड कुठून आणलेला, हे वीस वर्षांनी कोणीतरी येऊन बघणार. आणि तुझे सर म्हणतात त्याचे पाच तुकडे करून पाच जर्नलांना पाठव, म्हणजे आकडा चढेल. त्यांचंही चुकत नाही, नोकरीच्या मुलाखतीत आकडाच बघतात. एक तुकडा दे हवं तर. पण पाच नको.

तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमचं तूच सांगितलं होतंस ना, शांती पप्पूंनी १९९९ ला खोदायला घेतलं आणि पंधरा लाख वर्षांच्या हातकुऱ्हाडींचा पेपर 'सायन्स'मध्ये आला २०११ ला. बारा वर्षं! जमिनीत गाडलं गेल्यावर दगडातलं बेरिलियम नि अ‍ॅल्युमिनियम किती घटलं ते मोजून वय काढलं म्हणालीस, मला अर्धंच कळलं, पण बारा वर्षं कळली. तुझं तर तिसरंच चाललंय.

आणि तो डार्ट. १९२५ ला दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या कवटीबद्दल, ही माणसाच्या पूर्वजाची म्हणून, 'नेचर'मध्ये लिहिलं तर मोठमोठ्यांनी माकडाचं पिल्लू म्हणून उडवून लावलं, त्यांतल्याच कीथने चूक कबूल केली १९४७ ला. म्हणजे बावीस वर्षं. त्याच वेळी इंग्लंडात पिल्टडाऊनला सापडलेल्या, आदिमानवाच्या म्हणवल्या जाणाऱ्या हाडांवर पानंच्या पानं लिहिली जात होती, संदर्भावर संदर्भ, आणि १९५३ ला कळलं काय तर माणसाची कवटी नि ओरांगउटानचा जबडा. खोडून काढायला दिलेला संदर्भसुद्धा त्या मोजणीत एकच धरतात ना? आमच्या वहीत फाटून परत आलेलं पुस्तक निदान लाल शाईने लिहायचो.

अजून एक. तुला पहिल्यांदा आपल्या गोव्यातल्या पणसायमळला मीच नेलं होतं, कुशावती नदीच्या काठी, जांभ्या दगडात कोरलेले ते बैल नि ते गोल गोल चक्र, तू त्यावरून बोट फिरवत बसलीस नि कदंबाची बस चुकली. तू म्हणशील ते तुझ्या हिशेबात कालपरवाचं, असू दे. १९९३ ला ते संशोधकांपुढे आलं ते गावच्या लोकांनी दाखवलं म्हणून. तुझ्या साइटवर तो ट्रॅक्टरवाला मामा, ज्याने पहिला दगड बांधावरून उचलून तुला आणून दिला, त्याचं नाव तुझ्या नऊच्या नऊ पेपरात मी शोधलं. नाही सापडलं. आभारातसुद्धा नाही. ३१ पेक्षा मला हे जास्त लागलं, खरं सांगते.

चवथीला येतेस ना, रेल्वेचं आत्ताच बघ, मग वेटिंग लागतं. रिपोर्टातले तक्ते प्रिंट काढून आण, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की दुपारी तू वाच नि मी टिकमार्क करते, बेरीज चुकलेली माझ्या डोळ्यांतून सुटत नाही. मामाचं पूर्ण नाव, गावासकट, विचारून ठेव.

आई

ता.क. पपांना रडण्याचं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं नेटवर्क गेलं.