आप्पांना रामराम, आणि त्या धुराबद्दल थँक्यू

आप्पा, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, नातू वाचून दाखवेलच.

हिवाळ्याचे फोटो म्हटलं की लोकांना काश्मीर आठवतं. आपल्या रावेर-यावलकडे बर्फ कुठला, पण पारा दहाच्या खाली गेला की केळीवाल्याची झोप उडते, पानं पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणं) अडकते, मग रात्री मोटर चालू करून बागेला पाणी आणि पहाटे बांधावर ओलासुका कचरा पेटवून धूर. मला तोच धूर हवा होता, मागे सातपुडा आणि खाली तुमची बाग. दुसऱ्या कुणी हाकललंच असतं. तुम्ही कॅमेऱ्याची पेटी उघडताना बघितली आणि विचारलं, "काय भो, चाळीसगावच्या केकी मूससारखं काही करून राह्यला का?" अहो, ते वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत आणि टेबलावर देखावे रचून फोटो काढले, मला थंडीत कुडकुडल्याशिवाय काही सुचत नाही!

कॅमेरा चार बाय पाच इंची फिल्मचा, एका वेळी एकच फिल्म, ती पण आधी अंधारात होल्डरमधे भरायची. काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवर बघितलं की सगळं उलटं दिसतं. तुम्ही पण डोकं घातलं आणि म्हणाले, "घड उभे राह्यले की रे!" काकू हसून हसून बेजार.

पण खरं काम तुमच्या त्या एका वाक्यानं झालं, की उजाडायच्या आधी वारं पडतं, तेवढ्यातच धूर आडवा राहतो, ऊन लागलं की उठतो. कारण तसं सोपंय, रात्रभरात जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार, मग धूर वर न जाता त्या थराखाली अडकून पसरतो. मला हे पुस्तकात माहीत होतं, पण तुमच्या बागेत ती वेळ नेमकी कधी येते आणि किती टिकते हे कुठल्या पुस्तकात असणार? वर तुम्ही लांबच्या बांधावरचा ढीग आधी पेटवला, जवळचा नंतर, त्यामुळे शेवरीच्या रांगेमागे एक आणि पुढे एक असे धुराचे दोन पदर मिळाले. हे मी सांगितलं नव्हतं, तुम्हालाच सुचलं!

उजेड कमी, भिंगाचं छिद्र बारीक करून एफ-३२ वर लावलं तर उजेड मोजायचं मीटर चार सेकंद म्हणत होतं, पण एवढ्या लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, माझ्या एफपी-४ फिल्मला साधारण सहा द्यावे लागतात. लाल फिल्टर मुद्दाम लावला नाही, तो धूसरपणा कापतो, आणि मला तर तोच पाहिजे होता. त्या सहा सेकंदांत वाऱ्याची झुळूक आली असती तर कॅमेऱ्याचा भिंगामागचा घडीचा भाता शिडासारखा फुगून सगळं हललं असतं, म्हणून तुम्ही घोंगडी पसरून वाऱ्याच्या बाजूला उभे राह्यले, आणि गड्यांना ओरडले, "हलू नका रे, फोटो चालू हाय!" ते बिचारे फोटोत नव्हतेच.

निगेटिव्ह झकास आलीय. घडांवरच्या पिशव्या सुद्धा एक एक मोजता येतात, आणि सातपुडा अगदी पुसट, मला हवा तेवढाच. डेव्हलप करायला पण हिवाळाच बरा, पाणी वीस डिग्रीला ठेवायला त्रास नाही, मे महिन्यात तर बर्फ टाकत बसावं लागतं.

काकूंनी दिलेल्या भरीत-भाकरीचे आभार वेगळे मानायचेत, ते समोर येऊन. सोळा बाय वीसचा प्रिंट करतोय, ओसरीत कुठं लावायचा ते काकूंनी ठरवावं, तुम्ही नाही, तुम्ही कॅलेंडरच्या मागं लावाल. आणि यंदा ढीग पेटवायचे असले की आदल्या संध्याकाळी एक मिसकॉल द्या, मी रात्रीच्या गाडीनं निघतो.