आधाराचे उत्तरही आधी तपासून घ्या

मा. संपादक,

विद्यार्थ्यांना मन मोकळे करता यावे म्हणून महाविद्यालयांत व्हॉट्सॲप गट काढले जातात. हेतू चांगला, साधन चुकीचे. गटात प्रत्येकाचा नंबर उघड असतो, स्क्रीनशॉट बाहेर जायला वेळ लागत नाही आणि 'एवढं काय मनाला लावून घेतोस' हे उत्तर वाटेत अडवणारे कोणी नसते.

अनोळखी माणसांकडून आधार मिळवता येतो, पण त्यासाठी काम वाटून द्यावे लागते. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये रॉबर्ट मॉरिस यांनी उभारलेल्या 'पॅनोप्ली' या ऑनलाइन मंचावर हेच केले होते. त्रासलेल्याने घटना आणि त्यावरून मनात आलेला विचार थोडक्यात लिहायचा. मग एकाने नुसती सहानुभूती कळवायची, दुसऱ्याने विचारातली गफलत ओळखायची ('एका विषयात राहिलो म्हणजे सगळंच संपलं'), तिसऱ्याने त्याच घटनेकडे पाहण्याची वेगळी बाजू सुचवायची. मदतनिसांना कामापुरते छोटे प्रशिक्षण दिले जाई आणि उत्तरे इतरांकडून तपासली जात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६६ जण तीन आठवडे सहभागी होते. तुलनेसाठी काहींना फक्त मनातले लिहून काढायला सांगितले होते. नैराश्याची लक्षणे जास्त असलेल्यांना पॅनोप्लीचा फायदा अधिक झाला. त्याच वापराच्या २०१७ मधील विश्लेषणात इतरांना मदत करण्याचा संबंध मदतनिसाचे स्वतःचे नैराश्य कमी होण्याशी दिसला. म्हणून लिहिणाऱ्यालाही उत्तरे देण्याची पाळी द्यावी. आपल्याकडे नेमके हेच राहून जाते.

उत्तरे यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेण्याचा मोहही टाळावा. मॉरिस यांच्याच 'कोको' या ऑनलाइन मानसिक आधार सेवेने तो प्रयोग केला. संदेशात यंत्राचा हात आहे हे कळल्यावर ती सहानुभूती लोकांना पोकळ वाटली, असे त्यांनीच २०२३ मध्ये सांगितले.

खरा धोका आत्महत्येच्या विचारांचा. असा मजकूर गर्दीकडे जाताच कामा नये. शब्दांची चाळणी लावली तरी आपली मुले मराठी रोमन लिपीत टंकतात, 'नाही'चीच तीन-चार स्पेलिंगे करतात. चाळणीतून ते सहज निसटते. त्यामुळे प्रत्येक मजकूर आधी प्रशिक्षित माणसाने वाचावा आणि शंका येताच तो रांगेतून काढून समुपदेशकाकडे द्यावा. नाव आणि नंबर मदतनिसांना दिसू नयेत. समुपदेशकापुरता संपर्क वेगळा ठेवावा. रात्री वाचणारे कोणी नसेल, तर तेवढा वेळ मजकूर घेणे बंद करून पडद्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा १४४१६ हा क्रमांक ठळक दाखवावा.

— एक समुपदेशक, पुणे