चिनी वैद्यक म्हणजे जुलाबाचा चहा नव्हे

संपादक महाशय,

स.न.वि.वि.

महिन्यात दहा-दहा किलो वजन उतरवण्याची हमी देणाऱ्या ‘चिनी चहा’च्या जाहिराती सर्रास दिसतात. यातल्या बऱ्याच चहांचा पारंपरिक चिनी वैद्यकाशी संबंध पाकिटावरच्या नावापुरताच असतो. आत बहुधा सोनामुखीची पानं किंवा रेवाचिनी असते आणि दोन्ही रेचक आहेत. रेचकाचं काम मोठ्या आतड्यात चालतं, पण अन्नातले उष्मांक त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असतात. त्यामुळे काट्यावर घटतं ते पाणी, चरबी जागच्या जागी राहते. पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, मग पायात गोळे येतात, छातीत धडधडतं आणि पुढे चहा घेतल्याशिवाय पोटच साफ होईनासं होतं.

चिनी वैद्यकाचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. वजन वाढण्याचं मूळ ते बहुतेक वेळा दुबळ्या ‘प्लीहे’त शोधतं. ही शरीरशास्त्रातली प्लीहा नव्हे. अन्न पचवून त्याचं सार अंगभर पोचवणाऱ्या एकूण कार्याला ते वैद्यक हे नाव देतं. हे कार्य मंदावलं की अंगात ओल साचते आणि ओल दाट होऊन कफ बनतो. वैद्य चू तानशी (१२८१-१३५८) यांनी स्थूलपणाचं नातं कफाशीच जोडलं होतं. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, वर पांढरा चिकट थर, जेवल्यावर सुस्ती, अंग जड ही त्याची लक्षणं. अशा माणसाला सोनामुखीसारखं थंड गुणाचं रेचक देणं म्हणजे आधीच मंद असलेल्या चुलीवर पाणी ओतणं. खा-खा सुटते, मलावरोध असतो, जीभ लाल आणि थर पिवळा, तो प्रकार निराळा. तिथे वैद्य रेवाचिनी देतात, पण मोजकी आणि मोजके दिवस.

चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत स्थूलतेचे असे पाच प्रकार केले आहेत. महिन्याला २ ते ४ किलो हा वेग तिने योग्य मानला आहे आणि रात्रीचं जेवण संध्याकाळी ५ ते ७ च्या दरम्यान घ्यायला सांगितलं आहे. बाकी पथ्य जुनंच: दहातला सात हिस्सा पोट भरलं की थांबायचं, अन्न शिजवलेलं आणि कोमट, बर्फाचं पेय आणि गोड कमी. उपाशी राहून वजन उतरवणंही या वैद्यकाला मान्य नाही, कारण त्याने प्लीहा आणखी खचते.

कफाच्या प्रकारात चीनमध्ये घरोघरी होणारं पेय साधं आहे. एका माणसाला दिवसाचे ३० ग्रॅम यीयीरेन (सातूसारखे पांढरे, मधे तपकिरी रेघ असलेले दाणे) आणि ३० ग्रॅम अझुकी (बारीक लाल कडधान्य) घ्यायचे. कच्चे यीयीरेन थंड गुणाचे, म्हणून ते कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचे. दाणे किंचित फुगून पिवळसर झाले आणि खमंग वास सुटला की उतरवायचे, करपले तर पेय कडू होतं. अझुकी रात्रभर भिजवून दोन्ही दीड लिटर पाण्यात उकळायचे आणि आच कमी करून तासभर शिजवायचे. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. नेहमीची चूक म्हणजे दाटपणासाठी तांदूळ आणि चवीसाठी साखर घालणं. दोन्हींनी ओल वाढते असं मानतात, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात! गरोदर स्त्रियांनी यीयीरेन टाळावेत. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

नुसत्या ‘वनस्पतीजन्य’ या शब्दावर विसंबणं किती महागात पडतं, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये दिसलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये ‘फांगची’ नावाच्या एका वनस्पतीऐवजी नावाशी साधर्म्य असलेली दुसरीच, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती गेली. शंभरहून अधिक जणांच्या, त्यातही बहुतेक स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, अनेकांची तर निकामीच झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं रासायनिक औषध सापडल्याची प्रकरणं तर आजही निघतात. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते औषध अमेरिका आणि युरोपने २०१० मध्येच बाजारातून काढलं.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे: ज्या पाकिटावर प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग आणि किती ग्रॅम हे छापलेलं नाही, त्याची जाहिरात आपल्या दैनिकाने स्वीकारू नये.

आपला,
एक नियमित वाचक