बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी थांबवू नका

महोदय,

उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते तेव्हा आणि आता निवृत्तीनंतरही एक वाक्य सारखे कानावर येते : ‘सिस्टर, बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.’ ताप उतरावा तसा हाही आजार गेला, असे माणसाला वाटते. पण गोळी चालू असते म्हणूनच तो आकडा खाली आलेला असतो. ती सुटली की बीपी पुन्हा चढते आणि बहुतेकांना ते कळतही नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, शेतातले काम चालूच राहते. आत मात्र रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. अशा घरांत फळीवर अर्धवट राहिलेली गोळ्यांची पाकिटे मी पाहिली आहेत. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की घरातल्या बाईची मजुरीही बुडते.

या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. वजन उतरले, मीठ कमी झाले तर डॉक्टर डोस कमी करतातही, पण ते त्यांनी तपासून ठरवायचे. मिठाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ सांगते. लोणचे, पापड, सुकट सगळे त्यातच आले. ‘मी सैंधव खाते’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायाही भेटतात. सैंधवातही सोडियम असतेच.

मोजताना घाई होते, हेही सांगितले पाहिजे. चालत आलेल्या माणसाला लगेच, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. त्याला पाच मिनिटे पाठ टेकून बसू द्यावे, हात छातीच्या उंचीवर टेकवावा आणि आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर मात्र टाळाटाळ नको.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात. पण दहा गोळ्यांसाठी मजुराने रोज बुडवून तालुक्याला जावे, असे होता कामा नये. उपकेंद्रातच पूर्ण महिन्याच्या गोळ्या द्याव्यात. माण-खटावमधून कामासाठी मुंबईला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर दोन-तीन महिन्यांचा साठा आणि नोंदीचे कार्ड जाण्यापूर्वीच हातात मिळावे, ही जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, दहिवडी (जि. सातारा)