सुई हातातून काढून न घेतल्याबद्दल

प्रिय ताई,

तुम्ही माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. पण वर्गातल्या सगळ्या तुम्हाला ताई म्हणतात आणि मला काका, त्यामुळे आपली नाती आधीच ठरलेली. शनिवारी वर्ग संपला की तुम्ही लोकरीचे गुंडे गोळा करण्यात गुंतलेल्या असता आणि मी "येतो" म्हणून निघतो. समोरासमोर आभार मानायला गेलो तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल, हेही मला माहीत आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. विणकाम शिकवणाऱ्या आणखी कोणाच्या नजरेस पडलं तर बरंच.

आधी कबुली देतो. तुमच्याकडे आलो तेव्हा आपल्याला विणता येतं, अशी माझी समजूत होती. सिगरेट सोडल्यावर हातांना काहीतरी उद्योग हवा होता, म्हणून मी एका वर्गात तीन महिने काढले होते. तिथल्या बाई प्रेमळ होत्या आणि घाईच्या होत्या. माझा टाका चुकला की "द्या इकडे" म्हणायच्या, सुया घ्यायच्या, खटाखट चार ओळी उसवून पुन्हा विणून परत द्यायच्या. तीन महिन्यांत मफलर पूर्ण झाला. पण अडलं तिथे तिथे त्यांचा हात फिरलेला, म्हणजे मला शिकायचं होतं तेवढंच नेमकं त्यांनी विणलेलं. मफलर दिसायला छान आहे. गळ्यात मात्र घालावासा वाटत नाही.

त्याच आत्मविश्वासावर मी स्वेटरला हात घातला. स्वतःसाठी, छाती १०० सेंटिमीटर. पॅटर्न जुना होता. त्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ८ नंबरच्या सुया असं स्वच्छ लिहिलं होतं. पाठीसाठी ११० टाके घातले, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर केली आणि मग एक सुई सुलट, एक सुई उलट असं चाळीस सेंटिमीटर विणत गेलो. ते धूड पिशवीत घालून तुमच्या पहिल्या वर्गाला आलो. कौतुक होईल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

तुम्ही ते टेबलावर पसरलंत आणि विचारलंत, "काका, मोजपट्टी आहे का?"

मोजपट्टी आहे का, म्हणे! तीस-पस्तीस वर्षं मी मशीन शॉपमध्ये तपासणीवर काढली. पहिला नग मोजून पास केल्याशिवाय मी कोणाला पुढचं मशीन चालू करू दिलं नाही. स्टीलची पट्टी खिशातच होती. "मधोमध मोजा, कडेला नको. कडेचे टाके फसवतात," एवढं सांगून तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवलेत. मी सुलट बाजूची इंग्रजी व्हीसारखी दिसणारी एकेक खूण मोजत गेलो. एकोणीस. दुसऱ्या जागी मोजलं, तिथेही एकोणीस. ११० टाक्यांना पन्नासच्या जागी अठ्ठावन्न सेंटिमीटर पाठ. पुढची बाजूही अशीच झाली असती तर घेर ११६ च्या आसपास गेला असता. त्या स्वेटरात मी मावलो असतो आणि शिवाय थंडीही आत येऊन बसली असती.

तुम्ही हसला नाहीत. "स्वॉच केला होतात?" एवढंच विचारलंत. स्वॉच म्हणजे आधी विणून मोजायचा छोटा तुकडा. केला नव्हता. जन्मभर ज्या गोष्टीसाठी मी लोकांशी भांडलो, तीच मी टाळली होती. लोकरीत काय मोजायचं, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं.

पुढे जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. कारण काय ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हे मला आता कळतं. तरी तुम्ही सांगितलं नाहीत. "सुई घरी नीट मोजून बघा" म्हणालात. घरी जाऊन व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला, बरोबर ५ मिलिमीटर भरली. चूक काय ते दिसेना. मग रात्री केव्हातरी ट्यूब पेटली. मी सुया घेताना अमेरिकन तक्ता पाहिला होता आणि त्यात ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. पॅटर्न जुन्या ब्रिटिश मापाचा, तिथे ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. त्या मापात नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते, १० नंबर म्हणजे सव्वातीन. आणि हे तर मला पाठ असायला हवं होतं! तारेच्या ब्रिटिश गेजचेच आकडे आहेत ते. आठ गेजची तार चार मिलिमीटर आणि दहाची सव्वातीन, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पुढच्या शनिवारी हे मी तुम्हाला तावातावाने सांगत होतो आणि तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करून ऐकत होतात. त्या चेहऱ्याबद्दल वेगळे आभार.

स्वेटर मीच उसवला. उसवलेल्या लोकरीची नूडल्ससारखी कुरळी वेटोळी पाहून मला वाटलं, आता ही फुकट गेली. तुम्ही खुर्चीच्या पाठीवर लडी करायला लावलीत, चार ठिकाणी सैल गाठी मारायला लावल्यात आणि कोमट पाण्यात बुडवून टांगून ठेवायला सांगितलंत. दोन दिवसांनी धागा सरळ. मग ४ मिलिमीटरच्या सुया, स्वॉच, तो धुवून वाळवून मगच मोजायचा. अर्धा टाकाही सोडायचा नाही. बावीसच्या जागी साडेएकवीस आले तर १०० च्या घेरात दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो, हा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवला. त्या दिवसापासून मुली मला मोजपट्टीवाले काका म्हणू लागल्या.

डोळे मिटून विणायला लावलंत तो दिवस आठवतो? सगळ्या हसत होत्या. सुलट टाका बोटाला गुळगुळीत लागतो, उलट टाक्याला आडवा उंचवटा असतो. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ, हे मी आधीही ऐकलं होतं, पण कळलं ते बोटांना. एकदा ते कळल्यावर "मी कुठल्या ओळीवर होतो?" हा प्रश्नच संपला. कापडच सांगतं. त्याआधी मी कागदावर रेघोट्या मारत बसायचो.

आणि ती बाही. आपल्या वर्गातल्या एका मुलीचा टाका सुईवरून निसटला आणि ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तो चौदा ओळी खाली पोचला होता. तिचा चेहरा रडवेला. खरं सांगतो, माझाच हात पुढे गेला होता. तुम्ही मला नजरेने थांबवलंत आणि तिच्या हातात क्रोशाची सुई दिलीत. "शिडी दिसते का? तळाचा टाका पकड. आता वरची एक पायरी त्यातून ओढून घे." तिने ओढली. चुकीची पायरी घेतली, म्हणून परत सोडली. तुम्ही शेजारी नुसत्या बसून. मी घड्याळ पाहिलं होतं, तेवीस मिनिटं लागली. तुम्ही केलं असतं तर मिनिटही लागलं नसतं. चौदावी पायरी वर आली आणि टाका सुईवर चढला तेव्हा तिने सगळ्या वर्गाला बाही फिरवून दाखवली. ती जागा मी शोधून पाहिली, सापडली नाही. तपासनीस म्हणून सांगतोय.

क्रोशाच्या महिन्यात माझी जास्त फजिती झाली. विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात, इथे एकच. त्यामुळे धीर आला होता, की निसटून निसटणार किती? पण नावांनी गोंधळ घातला. आपला खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, अमेरिकन पॅटर्नमध्ये डबल क्रोशे आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये ट्रेबल. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल. ८ नंबरच्या सुईने पोळलेला मी, आता पॅटर्न हाती आला की आधी तो कुठला ते बघतो. सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. ही युक्तीही तुम्ही सांगितली नव्हती. दोन पॅटर्न शेजारी ठेवून "काय वेगळं दिसतं?" एवढं विचारलं होतंत.

मग गोल. मधल्या फासात सहा मुके खांब (अमेरिकन सिंगल ते हेच), पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस. दर फेरीला सहा वाढले की गोल सपाट राहतो. माझा सपाट राहिला, पण गोल झाला नाही. सहा कोपरे आले, अगदी बोल्टावरच्या नटासारखे. मी तो तुमच्यापुढे धरला आणि तुम्ही म्हणालात, "छान षटकोन आहे. कोपरे कुठे आलेत?" बघतो तर प्रत्येक फेरीतली वाढ आधीच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर. पुढच्या वेळी वाढीची जागा दर फेरीला सरकवली आणि गोल झाला. शेजारच्या बाईंनी उलटंच केलं होतं, त्या वाढवतच सुटल्या होत्या आणि त्यांच्या गोलाला झालर आली होती. त्या उसवायला निघाल्या तेव्हा तुम्ही थांबवलंत आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिना यांची गोष्ट सांगितलीत. ठरावीक टाक्यांनंतर एक वाढ, हे प्रमाण कायम ठेवून १९९७ साली त्यांनी क्रोशाने हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखं पसरत जाणारं पृष्ठ, विणलं. कागदाची मॉडेल हाताळून फाटायची, ही लोकरीची टिकली. गणितवाल्यांना जे हातात धरायला हवं होतं ते आपल्या बाईंनी चुकून करून ठेवलं होतं! त्यांनी ती झालर अजून जपून ठेवली आहे.

मी यंत्रांचा माणूस, म्हणून एक जाता जाता. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र केलं, आणि हातातल्या दोन सुयांच्या जागी प्रत्येक टाक्याला वेगळी आकडीची सुई दिली. हे वाचल्यापासून मी सुईवरच्या टाक्यांकडे जरा आदराने बघतो. क्रोशे मात्र अजून जवळजवळ हाताचंच राहिलंय. यंत्रावरची म्हणून जी मिळते ती दिसायला तशी असते, वीण वेगळी. मला याचा उगाचच आनंद होतो.

तक्रारही एक आहे, ती लिहितो म्हणजे पत्र अगदीच गोड व्हायला नको. तुमची गप्प बसायची पद्धत दर वेळी सोसत नाही. केबलच्या, म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन पीळ घालायच्या, दिवशी मी एक पीळ उलट्या बाजूला घातला होता आणि तुम्ही तो सहा ओळींपूर्वी पाहिला होतात. तेव्हाच म्हणाला असतात तर माझी संध्याकाळ वाचली असती. यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे, म्हणून पुढे लिहीत नाही.

आता मोज्यांबद्दल. पहिला मोजा नाकापर्यंत, म्हणजे बोटांकडच्या टोकापर्यंत, आलाय. पुढच्या सुईवर बारा, मागच्या सुईवर बारा, आणि शिवणीची रेघ न दिसता ते जोडायचे. तुम्ही दिलेला मंत्र कागदावर लिहून समोर ठेवला होता: पुढे सुलट घालून काढ, उलट घालून ठेव, मागे उलट घालून काढ, सुलट घालून ठेव. काल रात्री तसं करत होतो आणि नेमका मध्येच फोन वाजला. पाच मिनिटांनी परत आलो तर कुठे होतो ते आठवेना. तुम्हाला फोटो पाठवायला मोबाइल उचललासुद्धा. मग खाली ठेवला आणि चष्मा पुसून टाके पाहिले. प्रत्येक टाक्यातून दोरा दोनदा जायचा असतो. पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यातून तो एकदा गेलेला दिसला, मागच्यातूनही एकदा, आणि दोरा मागच्या टाक्यातून बाहेर आलेला. म्हणजे मागचं "ठेव" होऊन गेलं होतं आणि आता पुढचं "काढ". तिथून सुरू केलं.

नाक बंद झालं. सातवा टाका थोडा आवळ आलाय, उजेडात धरलं की कळतं. शनिवारी आणतो. हातात घेऊन बघा, पण सुई माझ्याकडेच राहू दे.

आपला,
मोजपट्टीवाले काका