सूचना : महाप्रसादाच्या उरलेल्या भाताबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार.
शनिवारच्या पूजेनंतर मसालेभात उरला, तर टोप झाकून रात्रभर हॉलमध्ये ठेवू नये. शिजवल्यावरही बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भातात टिकतात. मुंबईच्या दमट उकाड्यात ते झपाट्याने वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष मग कितीही परता, फोडणी द्या, जात नाही. वास येईलच असंही नाही, हीच पंचाईत!
म्हणून भात लगेच परातीत पसरून निववायचा, तासाभरात उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वाफा निघेपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. फोडणीचा भात खुशाल करा, पण फ्रिजमधल्याच भाताचा.
डबे घरून आणावेत. आइस्क्रीमचे चालतील, झाकण लागत असेल तर.
– चिटणीस, चाळ समिती, गिरगाव