मिशिगनमध्ये हिरड्याची शाई

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
५ ऑक्टोबर

प्रिय सुध्या,

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा "दहा मिनिटांत करतो" म्हणालो होतो. ती दहा मिनिटं आज संपली. शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. इकडे सगळे बरे. माझी शुगर गोळीवर आहे.

गॅरेजमधल्या माझ्या उद्योगाचा फोटो तू पाहिलायस. चार बाय आठच्या लोखंडी सांगाड्यावर लाकडी खोपटं, मोटारीला जोडून कॅम्पिंगला न्यायचं. हिने त्याचं नाव 'खुराडं' ठेवलंय. बाहेरून अर्ध्या इंची प्लाय, आतून सीडारच्या पातळ फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. प्लायच्या दोन शीटमध्ये अप्पांसारखी पावली धरून फट सोडली. इथलं पाव डॉलरचं नाणं, क्वार्टर, म्हणजे पावलीच की! फक्त एक पावणेदोन मिलिमीटरचं, म्हणून दोन एकावर एक. प्लाय पाणी पितो तो कडांनी, म्हणून कडांना पातळ केलेलं पॉलियुरेथेनचं वॉर्निश पाजलं, प्यायचं थांबेपर्यंत. एवढं सगळं केलं रे.

गेल्या शनिवारी रात्रभर पाऊस झाला. सकाळी आत टॉर्च मारला, तर मागच्या भिंतीच्या वरच्या दोन फळ्यांवर काळे ओघळ. शाळेतल्या पोरीच्या डोळ्यातलं काजळ रडून उतरावं तसे. दोन रात्री झोप नाही. बुरशी? कुज? १८ तारखेला पोरीला स्लीपिंग बेअर ड्यून्सला न्यायचं कबूल केलंय, आणि मी मनात अख्खं खुराडं उचकटून पुन्हा बांधत होतो. हिला सांगितलं नाही. तिला अर्थात कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं. प्रत्येक ओघळ एकेका चुकेपासून, म्हणजे बारीक खिळ्यापासून, निघालेला. बाकीच्या फळ्यांना चुका जिभेत मारल्यात, त्या दिसत नाहीत. शेवटच्या दोन फळ्यांना मात्र समोरूनच ठोकावं लागतं. आणि नेमक्या तिथे स्टेनलेसच्या चुका संपल्या होत्या. रविवारची संध्याकाळ. एका जुन्या डब्यात साध्या लोखंडी होत्या. "काय फरक पडतो," म्हटलं.

आता कळलं ना, तुलाच का लिहितोय? सातवीतलं विज्ञान प्रदर्शन! हिरडा उकळून त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला आणि काळीकुट्ट शाई झाली. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड. सीडारमध्येही टॅनिन असतं. मी दीड वर्ष खपून चाकांवर तीच शाई बनवली. मास्तरांनी तेव्हा दुसरा नंबर दिला होता, इथे तोही नाही.

हसून झाल्यावर पोटात पुन्हा गोळा आला. शाईला पाणी लागतं. ते आलं कुठून?

मग हिच्या हाती बागेचा पाइप दिला आणि मी आत आडवा. खालून सुरुवात करायची, एकेका सांध्यावर पाच मिनिटं, मग वर. आधीच वरून सोडलं तर कुठून शिरलं ते कळत नाही. तिने हे काम इतक्या आनंदाने केलं की पंचवीस वर्षांचा हिशोब चुकता होतोय असं वाटलं. पाऊण तासाने छपराच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या एका स्क्रूखालून थेंब आला. बाकी सगळीकडे पट्टीखाली ब्यूटिल टेप, कणकेसारखी चिकट. या एका वळणावर टेप पुरेना, म्हणून सिलिकोन फासला होता. तीच रविवारची संध्याकाळ. आणि सिलिकोन निघता निघत नाही. त्यावर रंग धरत नाही, नवा सिलिकोनसुद्धा नीट धरत नाही. पूर्ण खरवडायचा.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे, शेवटच्या फळ्याच आधी निघतात. काढल्या. मागचा प्लाय ओलसर होता. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, घुसला नाही, म्हणजे कुजलेला नाही. त्या क्षणी तू हवा होतास. आता आत पंखा लावून ठेवलाय. पुरता वाळल्याशिवाय बंद केलं तर ओल आतच कोंडायची, आणि इथे रात्री थंडी पडायला लागलीय. तेरा दिवस आहेत. तू म्हणशील, सहल पुढे ढकल. पोरीला तू सांग.

आणि हो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ती शाई अप्पांच्या सागवानी टेबलावर सांडली, आणि मार तू खाल्लास. तेव्हापासून मी "तुझं कोपर लागलं" म्हणतोय. माझं लागलं होतं.

तुझ्या बोअरला पाणी लागलं का? मुक्ताची अ‍ॅडमिशन कुठे झाली? वहिनींना नमस्कार. सविस्तर लिही, माझ्यासारखं करू नकोस.

तुझा,
विन्या

ता.क. : फळ्यांवरचे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातायत. टेबल अजून असेल तर कुणाकडून तरी करून घे. सागवानावर आधी खालच्या बाजूला करून बघायचं. हातमोजे घालायला सांग, विषारी असतं. खर्च माझा.